टाचेचं राहून गेलं

टेपताईला टेपताई हे नाव दोनदा पडलं. पहिल्यांदा पडलं ते सरळ होतं. गळ्यात मापाची टेप असायची, झोपेतही काढत नसेल असं लोक म्हणायचे, म्हणून टेपताई. दुसऱ्यांदा का पडलं ते सांगायला जरा मागे जावं लागेल, आणि ते सांगताना हसू येणार नाही हेही आधीच सांगून ठेवते.

जिन्याखाली एक दुकान, मागे लागूनच घर. दुकान म्हणायचं इतकंच, शिलाई मशीन आणि इस्त्रीचं टेबल ठेवलं की गिऱ्हाइकाने श्वास पोटात घेऊनच आत यायचं. एक आरसा, कपडे बदलायला एक पडदा, आणि बाहेर पाटी: ऑल्टर करून मिळेल. नवे कपडे शिवणारा शिंपी पुढच्या चौकात होता. त्याने करून ठेवलेले घोटाळे निस्तरणं हा टेपताईचा धंदा. बाही लांब झाली, खांदा उतरला, चेन अडकली, की आणा टेपताईकडे. ती कपडा उलटा करायची, दोन बोटांनी शिवण ताणून बघायची आणि म्हणायची, "रडायला काय झालं? उसवायचं आणि पुन्हा टाके घालायचे." या जगात न उसवता येणारी शिवण नाही, यावर तिचा पक्का विश्वास होता.

कोणाच्या घरात पाळणा हलणार, हे गल्लीत सगळ्यांत आधी तिला कळायचं. बाई यायची, पँट नाहीतर झगा टेबलावर टाकायची आणि भलतीकडे बघत म्हणायची, "कंबरेत जरा सैल करा ना. धुण्यात आटलाय." टेपताई अंगठ्याने शिवणीच्या आतलं जादा कापड चाचपायची. शिंपी त्याला माया म्हणतात. माया असली की कपडा वाढवता येतो, नसली तर देवही काही करू शकत नाही. "आहे माया," टेपताई वर न बघता म्हणायची, "पण अजून बरेच महिने आटत राहील बरं का." बाईचे कान लाल व्हायचे. ही बातमी टेपताईने कधी बाहेर फोडली नाही. तेवढं तिच्या पोटात राहायचं.

मग तिला स्वतःचेच कपडे सैल करायची वेळ आली. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांच्या इमारतींच्या पोकळीत लोंबकळणारा, घरी आला की मोजकं बोलणारा माणूस. बातमी ऐकून तो गालातल्या गालात इतका हसला की सासूबाईंनी विचारलं, "दात दुखतोय का रे?"

प्रसूतिगृह दोन रस्ते सोडून होतं. खाटा थोड्या आणि बाळंतिणी भरपूर, त्यामुळे आज बाळंत झालेली बाई उद्या घरी, असाच तिथला रिवाज. मुलगी झाली. टाके घालावे लागले. दुसऱ्या दिवशी नवरा खाली गाडी बघायला गेला, सासूबाई कपड्यांची पिशवी भरत होत्या, आणि टेपताई मुलीला दुपट्यात गुंडाळत होती. तेवढ्यात सिस्टर आली. तोंडाला मास्क, हातात ट्रे, पाय दाराबाहेर. डोक्यावर पंखा खडखडत होता आणि शेजारच्या खाटेवरचं पोर टाहो फोडत होतं. एका दमात ती म्हणाली, "गोळ्या जेवल्यावर घ्यायच्या, जड उचलायचं नाही, अंगावरच पाजायचं, आणि परवा सकाळी टाक्यांचं करून घ्यायला या, विसरू नका हं." टेपताईने ऐकलं ते हे असं. तिने मान हलवली. सिस्टर पुढच्या खोलीत पोचलीसुद्धा होती.

आता तुम्हीच सांगा, जिचा जन्म टाके घालण्यात गेला तिला टाक्यांचं काय कौतुक. घरी गेल्यावर तिने दार लावून, हातातला आरसा धरून टाके तपासले. एकसारखे, जवळजवळ, कुठे ओढ नाही, कुठे गोळा नाही. पुढच्या चौकातल्या शिंप्यापेक्षा शंभर पटीने बरे. ती बाहेर येऊन म्हणाली, "आई, टाके झकास आहेत. हात बसलेल्या माणसाने घातलेत."

"मग कशाला जायचं पुन्हा?" सासूबाई म्हणाल्या. "ओली बाळंतीण, त्यात एवढंसं बाळ. रांगेत कोण उभं राहणार?"

त्या काही वाईट बोलल्या नाहीत. कोणतीही सासू हेच बोलली असती आणि कोणतीही सून सुटकेचा श्वास टाकून आडवी झाली असती. परवा आला आणि गेला.

मुलगी अगदी शांत होती. रडायची नाही. भुकेने उठायची नाही, दुधाला तिलाच उठवावं लागायचं. पाजता पाजता पुन्हा झोपायची. टेपताई दोन महिन्यांतच कामाला बसली. मशीनच्या पायाशी टोपलीत मुलगी, वर मशीनचा खडखडाट, आणि मुलगी डोळा उघडेल तर शपथ. दुकानात येणारी प्रत्येक बाई टोपलीत डोकावायची आणि हेवा करायची. "आमचं कार्टं रात्रभर छळतं हो. तुमची किती गुणी."

"गुणीच आहे माझी," टेपताई म्हणायची. अभिमानाने म्हणायची. कागदावर मुलीचं नाव दुसरंच होतं, छानसं, खूप विचार करून ठेवलेलं, पण ते कोणाच्या तोंडी बसलं नाही. गुणी हेच नाव पडलं.

अंगाचा पिवळेपणा जाता जाईना, तर सासूबाई म्हणाल्या, जरा उन्हात ठेव. शी होत नव्हती, तर म्हणाल्या, अंगावरच्या दुधाचं असंच असतं, सगळं जिरतं. हातपाय गार लागायचे, तर टेपताईने चिंध्यांचे मोजे शिवले. जीभ जरा बाहेर असायची. ते पाहून नवऱ्याला हसू यायचं, "मला वेडावून दाखवते." प्रत्येक गोष्टीला घरात उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर मायेपोटी दिलेलं होतं. लशी वेळेवर झाल्या. लस मांडीत देतात, त्यामुळे देणारीने मांडी बघितली. चेहरा बघायची कोणाला सवड होती?

वरच्या मजल्यावर गुणीच्या नंतर झालेलं पोर भिंतीला धरून उभं राहू लागलं, तेव्हा गुणी उशीला टेकवल्याशिवाय बसतही नव्हती. "उशिरा चालणारी मुलं डोक्याने तल्लख निघतात," सासूबाई म्हणाल्या. पण या खेपेला त्यांचा आवाज पडलेला होता. टेपताईने त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावलं आणि गुणीला घेऊन मोठ्या हॉस्पिटलात गेली. नवरा कामावरून परस्पर तिकडे आला.

मुलांची डॉक्टर वयाने लहान होती, पण घाईतली नव्हती. तिने गुणीचा गळा चाचपला, जीभ बघितली, बेंबीवरचा फुगा बघितला, तळहात आपल्या तळहातात धरून बसली. रक्त तपासायला पाठवलं. उत्तर आल्यावर पुन्हा बोलावून घेतलं आणि विचारलं, "जन्मल्यावर बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं होतं का?"

"टाचेतून? नाही."

"कोणी सांगितलं नव्हतं?"

"एका शब्दाने नाही," टेपताई म्हणाली.

मग डॉक्टरने समजावून सांगितलं. गळ्यात थायरॉईडची ग्रंथी असते. तिच्यातून एक रस निघतो, त्यावर बाळाचं अंग आणि डोकं वाढतं. गुणीच्या गळ्यात तो तयार होत नाही. जन्मल्यानंतर दोन दिवस उलटले की टाचेला एक बारीकशी टोचणी लावून रक्ताचे चार थेंब घेतात, त्यातून कळतं. कळलं की रोज एक इवलीशी गोळी पाण्यात विरघळवून द्यायची. बस्स, तेवढंच.

"मग द्या ना गोळी," टेपताई म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता. एवढंच तर आहे.

"देऊ. आजपासूनच देऊ. अंग सावरेल, उंची वाढेल, चालेल. पण डोक्याची घडण पहिल्या काही आठवड्यांत, महिन्यांत होते. ती वेळ निघून गेली. त्यातलं किती परत मिळेल, खोटं कशाला सांगू, फार नाही मिळणार."

टेपताईने शिंपिणीचा प्रश्न विचारला. "उसवून पुन्हा नाही का घालता येणार?"

डॉक्टरला प्रश्न कळला नाही. नवऱ्याला कळला. तो उठून खिडकीपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला.

गोळी सुरू झाली. गुणीच्या अंगात ऊब आली, केसांवर तकाकी आली, आणि एके सकाळी ती चक्क रडली. खणखणीत, हातपाय आपटून. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, आणि तिघंही मोठी माणसं त्या पोरीभोवती उभी राहून तिचं रडणं ऐकत राहिली. पुढे ती बसली, उभी राहिली, उशिराने का होईना चालली. शब्द मात्र आले ते मूठभर. आई. पाणी. बटण. तिथेच थांबले.

टेपताईचा राग तेव्हापासून सुरू झाला. आधी ती रागीट नव्हती, फटकळ होती एवढंच. आता येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगू लागली, "एका शब्दाने सांगितलं नाही मेल्यांनी. चार थेंबांचं काम. एका शब्दाने." प्रसूतिगृहाच्या रस्त्याने जाणं तिने सोडलं. एकदा तिथली एक सिस्टर गणवेश घट्ट करायला घेऊन आली. टेपताईने तो उलगडलाही नाही, दोन बोटांत धरून परत दिला. "तुमच्या हॉस्पिटलचं मी काही शिवत नाही." त्या बिचारीला काही उमगलं नाही, ती गेली. पण खरं सांगू का, त्या रागानेच तिला उभं ठेवलं होतं. चूक दुसऱ्याची आहे एवढं माहीत असलं की माणूस कसंबसं जेवतं, झोपतं, मशीन चालवतं.

काही वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले. मुलांच्या डॉक्टरने बजावून सांगितलं होतं, हे दुसऱ्या बाळालाही असू शकतं, टाचेची तपासणी चुकवू नका. जवळचं प्रसूतिगृह तेच एक, म्हणून नाक मुठीत धरून टेपताई तिथेच गेली. आत पाऊल टाकल्यापासून तिने सगळ्यांना भंडावून सोडलं: टाचेची तपासणी कधी, कोण करणार, कुठे? आयाने सांगितलं सिस्टरना विचारा, सिस्टर म्हणाल्या डॉक्टर सांगतील, डॉक्टर म्हणाले आधी बाळ तर होऊ दे. दुसरी मुलगी झाली. ही जन्मली तीच भोंग्यासारखी वाजत. दाईने कानात बोटं घातली आणि म्हणाली, "बाई गं, हा तर भोंगा." झालं, तेच नाव पडलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खाट रिकामी करायची वेळ आली. पंखा तसाच खडखडत होता. सिस्टर या वेळी दुसरी होती, तरुण, पण मास्क तोच, ट्रे तोच, आणि पाय तसाच दाराबाहेर. एका दमात म्हणाली, "गोळ्या जेवल्यावर, जड उचलायचं नाही, अंगावरच पाजायचं, आणि परवा सकाळी टाक्यांचं करून घ्यायला या, विसरू नका हं."

"सिस्टर," टेपताईने हाक मारली, "टाक्यांचं राहू द्या, टाके मी बघेन. बाळाच्या टाचेचं कधी ते सांगा."

सिस्टर थांबली. मागे वळली, मास्क हनुवटीखाली ओढला. "तेच तर सांगतेय ना ताई. टाचेचं करून घ्यायला या. परवा."

"टाक्यांचं म्हणालात तुम्ही."

"टाक्यांचं कशाला म्हणेन? टाके आपोआप विरघळतात, त्याला कोण बोलावतं? टाचेचं म्हटलं मी. टाचेचं."

टेपताईचा हात गळ्यातल्या टेपवर गेला. टेप नव्हती, आत येताना काढून ठेवायला लावली होती. "हे... हे सगळ्यांना सांगता?"

"सगळ्यांना. घरी जाताना प्रत्येकीला सांगतो."

"आधीपासून?"

"मी लागले त्याच्याही आधीपासून," सिस्टर म्हणाली, आणि मास्क वर करून पुढच्या खोलीकडे गेली.

टेपताई खाटेच्या कडेवर बसली. भोंगा मांडीवर बोंबलत होती आणि तिला ते ऐकू येत नव्हतं. तिला तो पहिला दिवस ऐकू येत होता. तोच दम, तेच शब्द, त्याच क्रमाने. टाचेचं. टाक्यांचं. तिला सांगितलं होतं. एका शब्दाने सांगितलं होतं, आणि तो एक शब्द तिच्या कानात जाईपर्यंत शिवणकामाचा झाला होता. दुसरी एखादी बाई असती तर टाके बघता येत नाहीत म्हणून घाबरून तरी परवा आली असती. आली असती तर कोणीतरी म्हटलं असतं, टाके कसले, पोरीची टाच दाखव. टेपताईला टाक्यांतलं कळत होतं, म्हणून ती आली नाही.

आता कोणी म्हणेल, चूक कोणाची? माझं विचाराल तर आयुष्याचा प्रश्न असलेली गोष्ट दारात एक पाय ठेवून, तोंड झाकून, गोळ्या आणि जड उचलण्याच्या शेपटाला बांधून सांगत नाहीत. खाटेवर बसावं, बाळाचं पाऊल हातात घ्यावं, टाचेवर बोट ठेवावं आणि सांगावं, इथे, यासाठी. किती वेळ लागतो त्याला? आणि तपासणी दोन दिवसांनीच होते हे ठाऊक असताना बाळंतिणीला एका दिवसात घरी धाडतात, आणि ओल्या अंगाने ती परत येईल यावर विसंबतात, याला काय म्हणावं? पण हे माझं बोलणं झालं. टेपताईला असलं कुठलं बोलणं पटायचं नाही. इतकी वर्षं जो राग ती दुसऱ्यांवर काढत होती, त्याला जायला आता एकच घर उरलं होतं.

परवा उजाडायच्या आधीच ती तयार होऊन बसली. रक्त घेणारा माणूस प्रसूतिगृहात आठवड्यातल्या ठराविक दिवशीच सकाळी यायचा. त्या दिवशी आला होता, हे नशीब. त्याने भोंगाची टाच पुसली, टोचली, आणि भोंगाने असा सूर लावला की रांगेतली सगळी पोरं जागी झाली. कागदावर लाल थेंब पडले. टेपताई त्या थेंबांकडे बघत होती. एवढंसं. टाचणी बोटात जाते तेव्हा याहून जास्त येतं, आणि तिच्या बोटात ती रोज जाते.

काही दिवसांतच प्रसूतिगृहातून बोलावणं आलं, बाळाला घेऊन या. भोंगालाही तेच होतं.

"असं कसं होईल?" सासूबाई डॉक्टरना म्हणाल्या. "ही तर केवढी रडते. ही गुणी नाही हो, ही छळते आम्हाला."

"रडण्यावरून कळत नाही, आजी. काही बाळं शांत असतात, काही रडतात. रक्तावरूनच कळतं. वेळेत कळलंय, गोळी आजच सुरू करू."

सासूबाई घरी आल्यावर कोपऱ्यात जाऊन बसल्या आणि पदराने तोंड दाबून रडल्या. "मीच म्हणत होते गं. गुणी, गुणी. मीच." टेपताईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण तुमची चूक नाही असं काही तिच्या तोंडून निघालं नाही. ते शब्द तिला स्वतःसाठीही सापडत नव्हते.

नवऱ्याला तिने सांगितलं ते त्यानंतर काही दिवसांनी. तो कामावरून येऊन नखांतलं ग्रीस काढत बसला होता. तिने सगळं सांगितलं, सिस्टरचं वाक्य, टाच आणि टाके. त्याने मान वर केली नाही. ब्रश नखावर फिरत राहिला.

"मी पण होतो की तिथे," तो म्हणाला. "मलाही टाकेच ऐकू आलं."

तो तिथे नव्हता. तो खाली रस्त्यावर गाडी शोधत होता, वर आला तेव्हा गाडीवाला खालून हॉर्न वाजवत होता, आणि सिस्टर केव्हाच गेली होती. हे दोघांनाही पुरतं आठवत होतं. आयुष्यात तो तिच्याशी एवढं एकच खोटं बोलला असेल, आणि ते तिने तसंच राहू दिलं. चहा गरम करून त्याच्यासमोर ठेवला.

त्यानंतर तिला ते नाव दुसऱ्यांदा पडलं. दुकानात कोणी कंबर सैल करायला आली की टेपताई काम बाजूला ठेवायची. मशीन थांबवायची, म्हणजे खडखडाट नको. बाईला स्टुलावर बसवायची. आणि तिच्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द सुटा करून सांगायची: "बाळ झालं की दोन दिवसांनी टाचेतून रक्त तपासायचं. टाच. टाके नव्हे. आता तुम्ही म्हणा." बाईकडून वदवून घ्यायची. काही जणी हसायच्या. "टेपताईंनी टेप लावली," असं जिन्यात एकमेकींना सांगायच्या. टेपताईला ते ऐकू यायचं. हसा बायांनो, म्हणायची, पण टाच म्हणा.

समोरच्या बँकेतली कॅशियर बाळंत झाल्यावर, सैल केलेला झगा पुन्हा घट्ट करायला बाळाला घेऊन आली तेव्हा चिडलेली होती. "तुमच्या टेपेमुळे माझी वणवण झाली. मी बाळंत झाले तिथे म्हणे ही तपासणी होतच नाही. एकाने सांगितलं काही गरज नाही, दुसऱ्याने सांगितलं मोठ्या हॉस्पिटलात जा. तिकडे गेले तर तो माणूस उद्या येणार."

"मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. सगळं ठीक निघालं. उगाच."

टेपताईने बाळाचा मोजा काढला. टाचेवरचा ठिपका केव्हाच पुसून गेला होता. तरी ती त्या टाचेवर अंगठा फिरवत राहिली, शिवणीतली माया चाचपावी तसा. "उगाचच व्हावं," ती म्हणाली. झग्याचं काम तिने फुकट करून दिलं.

भोंगा वाढली. वेळेवर बसली, वेळेवर चालली, आणि बोलायला लागली ती थांबलीच नाही. दुकानाबाहेरची पाटी वाचून दाखवू लागली, गिऱ्हाइकांच्या नकला करू लागली, आजीला मोबाईल शिकवू लागली. तिचं एकेक नवं काही झालं की घर हसायचं, आणि त्याच क्षणी टेपताई काहीतरी कामाला उठून जायची. कारण भोंगा जे जे करत होती ते ते गुणीचं होतं. हे असं झालं असतं. असंच, एवढंच, याच वयात. भोंगाचं कौतुक करताना तिला गुणीकडे बघवायचं नाही, आणि गुणीकडे बघून भोंगाचं कौतुक करवायचं नाही. गुणी मात्र मजेत असायची. तिला एक काम दिलेलं होतं: लोहचुंबक घेऊन फरशीवर सांडलेल्या टाचण्या गोळा करायच्या. ती ते इतकं मन लावून करायची की एक टाचणी मागे राहत नसे. सगळ्या गोळा झाल्या की डबी आईसमोर धरायची आणि कौतुकाची वाट बघायची.

गोळी दोघींना सकाळी, उपाशीपोटी. एकाच बाटलीतली, फक्त गुणीला जरा जास्त. टेपताई दोन चमचे घ्यायची, गोळ्या चुरडून पाणी घालायची. गुणी हाक मारण्याआधीच समोर येऊन तोंड उघडून उभी राहायची. भोंगाला पलंगाखालून ओढून काढावं लागायचं.

एके सकाळी भोंगा आपण होऊन आली. गोळी घेतली, तोंड वाकडं केलं, आणि बाटली हातात घेऊन बघत बसली.

"आई, ताईची आणि माझी गोळी एकच आहे."

"हो."

"मग ताईला गोष्ट का सांगता येत नाही?"

टेपताईने गुणीच्या हनुवटीवरचं पाणी पुसलं. हा प्रश्न कधीतरी येणार हे ती जाणून होती, पण इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. भोंगाला सगळं वेळेवर, वेळेच्या आधीच सुचायचं. "तुला गोळी लवकर मिळाली, बाळा. ताईला उशिरा मिळाली."

भोंगाने विचार केला. कपाळाला आठी घालून, नीट. "पण ताई तर माझ्या आधी आली होती ना? मग तिला आधी मिळायला पाहिजे."

बाहेर कोणीतरी दुकानाच्या दाराची कडी वाजवली. टेपताई हलली नाही. नवरा दाढी करत होता, त्याचा हात आरशासमोर थांबला. टेपताईला वाटलं, हॉस्पिटलने सांगितलं नाही म्हणावं. किती सोपं होतं ते, इतकी वर्षं किती सोपं होतं. ती म्हणाली, "मी ऐकताना चुकले."

"मग सॉरी म्हण ना तिला," भोंगा म्हणाली. तिच्या शाळेत असंच करतात. "डोळ्यांत बघून म्हणायचं असतं."

टेपताई गुणीसमोर खाली बसली. गळ्यातली टेप फरशीवर लोंबली. एवढ्या वर्षांत तिने सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, डॉक्टरला, नवऱ्याला, सासूला, बाळंतीण होणाऱ्या एकेका बाईला. जिचं होतं तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगून काय कळणार, असंच तिने धरलं होतं. तिने गुणीचे दोन्ही हात धरले आणि तिच्या डोळ्यांत बघितलं.

"गुणी," ती म्हणाली. "माझं चुकलं गं. तुझं टाचेचं माझ्याकडून राहून गेलं."

गुणीने आईचा चेहरा जवळ आलेला बघितला. तो जवळ आला की काय करायचं असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने तोंड उघडलं आणि चमच्याची वाट बघत उभी राहिली.

टेपताईने रिकाम्या चमच्यात थोडं पाणी घेतलं आणि तिला पाजलं. गुणी ते एका घोटात प्यायली, चमचा आईच्या हातात परत दिला, आणि टाचण्या गोळा करायला गेली.